वादी होण्याचा अधिकार
(छत्रपती संभाजीनगर येथे विधीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे तो ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या कपाळास आठी पडली असेल. अपकृत्यांचा कायदा, तौलनिक विधी आणि युरोपच्या कायद्याचा इतिहास! आपण मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून येथे आलात. आपल्या घरी जमिनीचे तंटे आहेत, मारहाणीच्या फिर्यादी आहेत, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे रेंगाळत पडले आहेत. अशा विद्यार्थ्याने विचारावे की, रोममधील गुलामांची आणि इंग्लंडातील जोडे शिवणाऱ्याची कथा आम्हांस काय कामाची? अपकृत्य हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात सक्तीचा आहे म्हणून तो उत्तीर्ण होण्यापुरता वाचला जातो. युरोपच्या विधी-इतिहासाचे पुस्तक तर बहुधा कोणी उघडूनही पाहत नाही. हा प्रश्न मी उद्धटपणाचा मानीत नाही. तो अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम गुन्हा आणि अपकृत्य यांतील भेद स्पष्ट करून घेऊ. कोणी आपले डोके फोडले तर तो गुन्हा होतो, आणि तेच अपकृत्यही होते. परंतु फौजदारी न्यायालयात खटला सरकारचा असतो. तपास पोलिसांचा, वकील सरकारचा, शिक्षाही सरकारने दिलेली. ज्याचे डोके फुटले तो तेथे केवळ एक साक्षीदार असतो. दिवाणी न्यायालयात अपकृत्याचा दावा लावला की चित्र पालटते. तेथे ज्याचे डोके फुटले तोच वादी असतो. प्रतिवादीस तो स्वतःच्या नावाने खेचतो आणि म्हणतो, "माझा हक्क तू मोडलास, त्याचा हिशेब मला दे." साक्षीदार आणि वादी या दोन शब्दांत जे अंतर आहे, तेच माझ्या आजच्या विषयाचे मर्म आहे.

हा भेद केवळ पुस्तकी नाही, हे महाडच्या उदाहरणाने पटेल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. त्यानंतरचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. डिसेंबर महिन्यात पुन्हा सत्याग्रह होणार असे दिसताच महाडच्या काही स्पृश्य गृहस्थांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. त्या दाव्यात वादी कोण होते? ज्यांनी शतकानुशतके पाणी अडविले ते! आणि प्रतिवादी कोण? ज्यांनी ओंजळभर पाणी प्याले ते! म्हणजे पाणी अडविणाऱ्याचा हक्क मोडला गेला आणि तहानलेला अपराधी ठरला, अशी ती मांडणी होती. दिवाणी कायद्याचे शस्त्र प्रथम कोणाच्या हाती होते, हे यावरून ध्यानी यावे.

तो दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने वादींचे अपील फेटाळले. ते कोणत्या आधारावर? वादींचे म्हणणे असे होते की, अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे. कायद्याने रूढीस मान्यता हवी असेल तर ती स्मरणातीत, निश्चित, अखंड आणि वाजवी असावी लागते, ही कसोटी इंग्लंडच्या विधी-इतिहासातून आलेली आहे. तेथे १२७५ च्या एका कायद्यामुळे स्मरणाची सीमा ११८९ हे वर्ष मानली गेली. आपली न्यायालये त्या वर्षावर अडून बसत नाहीत. तथापि रूढी पुरातन आहे हे सिद्ध करण्याचा बोजा ती सांगणाऱ्यावरच टाकतात. महाडच्या वादींना तो बोजा पेलला नाही. ही रूढी सिद्ध झालीच असती तर ती अवाजवी किंवा लोकहितविरोधी आहे काय, याचाही विचार करावा लागला असता, असे न्यायमूर्तींनी सुचविले. युरोपच्या कायद्याचा इतिहास आपल्या तळ्यापर्यंत कसा येऊन पोहोचतो, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु सर्वत्र असा निकाल लागला नाही. दक्षिणेत कमुदी येथील मंदिरात नाडर समाजाचे लोक शिरले म्हणून त्यांच्यावर दिवाणी दावा झाला. मंदिराच्या शुद्धीचा खर्च त्यांच्याकडून नुकसानभरपाई म्हणून मागण्यात आला, आणि १९०८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही वादींच्याच बाजूने निकाल दिला. माणसाच्या पदस्पर्शाने जी 'हानी' झाली तिची किंमत कायद्याने मोजली. मात्र दाराबाहेर उभ्या ठेवलेल्या माणसाची हानी कोणी मोजली नाही. म्हणून मी म्हणतो की, हानी कशाला म्हणावे आणि कोणाची मोजावी, हा अपकृत्याच्या कायद्यातील पहिला आणि अखेरचा प्रश्न आहे.

आता युरोपकडे वळू. तेथील कायदा जन्मतःच समतेचा होता अशी जर कोणाची समजूत असेल तर ती त्याने मनातून काढून टाकावी. रोमच्या द्वादश फलकांवरील कायदा इसवी सनापूर्वी सुमारे ४५० चा. त्यात स्वतंत्र माणसाचे हाड मोडल्यास ३०० आस आणि गुलामाचे हाड मोडल्यास १५० आस असा दंड होता. पुढे ॲक्विलियाचा कायदा आला. त्याच्या पहिल्याच कलमात दुसऱ्याचा गुलाम अथवा चार पायांचे जनावर मारणाऱ्याने मागील वर्षातील त्याची सर्वांत अधिक किंमत धन्यास द्यावी असे म्हटले आहे. गुलाम आणि गुरे एकाच ओळीत! गुलाम मेला तर हानी धन्याची. गुलामाची स्वतःची अशी हानी कायद्यास दिसतच नव्हती. बाबासाहेबांनी रोमन गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना आपल्या लेखनात केली आहे. त्यांच्या काळी बॅरिस्टरीच्या परीक्षेस रोमन कायदा हा विषय असे. परीक्षेपुरता वाचून फेकून देण्याचा विषय त्यांनी आपल्या माणसांच्या प्रश्नाशी कसा भिडविला, हे विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखे आहे.

पश्चिम रोमन साम्राज्य कोसळल्यावर जर्मन टोळ्यांची राज्ये आली. त्यांच्या कायद्यांत माणसाच्या जिवाचे मोल ठरलेले असे. फ्रँक लोकांच्या सहाव्या शतकातील संहितेत स्वतंत्र फ्रँक माणूस मारल्यास २०० सॉलिडस आणि जमीनधारक रोमन मारल्यास १०० सॉलिडस भरावे लागत. इंग्लंडात उमरावाच्या जिवाचे मोल १२०० शिलिंग, तर सामान्य शेतकऱ्याचे २०० शिलिंग होते. आता हे आकडे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाशेजारी ठेवून पाहा. ब्राह्मणास दुर्वचन बोलणाऱ्या क्षत्रियास १०० पण दंड, वैश्यास दीडशे अथवा दोनशे, आणि शूद्रास देहदंड. उलट ब्राह्मणाने क्षत्रियास दुर्वचन बोलल्यास ५०, वैश्यास २५ आणि शूद्रास केवळ १२ पण. शिडी तीच, पायऱ्यांची नावे तेवढी निराळी. आणि अस्पृश्यास तर या शिडीवर पायरीच नव्हती.

मग भेद कोठे पडला? युरोपात ही शिडी हळूहळू मोडत गेली. कोणा देवदूताने ती मोडली नाही. एक कथा सांगतो. द्वादश फलकांप्रमाणे किरकोळ अपमानास २५ आस असा ठरीव दंड होता. पुढे नाण्याचे मोल घसरले. तेव्हा लुशिअस व्हेराशिअस नावाचा एक धनिक रस्त्याने चालता चालता दिसेल त्याच्या थोबाडीत मारी आणि मागून येणारा त्याचा गुलाम थैलीतून २५ आस काढून मार खाणाऱ्याच्या हातावर ठेवी. ही हकीकत औलस गेलियस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहे. या प्रकारामुळे रोमच्या न्यायाधिकाऱ्यांनी ठरीव दंड बाजूस सारला आणि प्रत्येक अपमानाची भरपाई परिस्थिती पाहून ठरवावी असा नियम केला. त्यातूनच माणसाचा देह, कीर्ती आणि प्रतिष्ठा यांचे रक्षण करणारा स्वतंत्र दावा विकसित झाला. प्रारंभी त्यातही मानकऱ्याचा अपमान मोठा आणि सामान्याचा लहान असे होतेच. परंतु एक तत्त्व रुजले की, अपमान ही कायद्याने मोजावयाची हानी आहे. ही कथा आपण विसरू नये, कारण ज्या समाजात थोबाडीत मारण्याचा दर आधीच ठरलेला असतो, तेथे श्रीमंत माणूस थैली घेऊनच घराबाहेर पडतो.

दुसरी कथा इंग्लंडची. एल्सबरी नावाच्या गावी मॅथ्यू ॲशबी हा जोडे शिवणारा गरीब मनुष्य मत देण्यास गेला. व्हाईट नावाच्या अधिकाऱ्याने त्यास परतवून लावले. ज्या उमेदवारास त्याचे मत जावयाचे होते तो तसाही निवडून आला होता. मग ॲशबीचे नुकसान काय झाले? एका पैचेही नाही! राणीच्या न्यायासनावरील बहुमताने दावा फेटाळला. एकट्या सरन्यायाधीश होल्ट यांनी भिन्न मत दिले की, हक्क आहे तेथे त्याचा उपायही असलाच पाहिजे, आणि हक्क मोडणे हीच हानी होय, मग पैशाचे नुकसान होवो वा न होवो. १७०४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने होल्ट यांचे मत उचलून धरले. बंधूंनो, एखाद्यास हॉटेलात निराळ्या पेल्यातून चहा दिला तर त्याच्या खिशातून काय गेले? काहीच नाही. आमच्यावर शतकानुशतके जे अन्याय झाले त्यांतील बहुतेक अन्याय असेच आहेत. ते वहीखात्यात दिसत नाहीत. ॲशबीच्या दाव्याचे तत्त्व ज्याने समजून घेतले, तो "यात तुझे नुकसान काय झाले?" या प्रश्नापुढे कधीही निरुत्तर होणार नाही.

तिसरे उदाहरण आपण सर्वजण पाठ करता. बाटलीतील गोगलगायीचा तो स्कॉटलंडचा दावा, १९३२ चा. आपल्या कृतीने ज्यास इजा होईल हे सहज कळण्याजोगे आहे तो आपला शेजारी, आणि त्याच्याविषयी सावधगिरी बाळगणे हे कर्तव्य, असे लॉर्ड ॲटकिन यांनी सांगितले. आमच्या देशात शेजार कोणता हे जात ठरवीत आली आहे. वस्ती गावकुसाबाहेर, पाणवठा निराळा, स्मशान निराळे. कायदा मात्र सांगतो की, शेजार भिंतीने ठरत नाही, परिणामाने ठरतो. संविधानातील बंधुता या शब्दास दिवाणी न्यायालयात जर काही अर्थ द्यावयाचा असेल तर त्याची सुरुवात येथून करता येईल.

केवळ इंग्लंडकडे पाहून भागणार नाही, म्हणून तौलनिक अभ्यास हवा. अमेरिकेत नीग्रो जनतेवर कू क्लक्स क्लॅनने जे अत्याचार चालविले होते त्यांना आळा घालण्यासाठी १८७१ मध्ये एक कायदा झाला. अधिकाराच्या बळावर कोणी नागरिकाचे हक्क हिरावून घेतल्यास त्या नागरिकास थेट भरपाईचा दावा लावता यावा, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा नव्वद वर्षे जवळजवळ निजून राहिला. शिकागोच्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात पोलीस घुसले होते, त्या प्रकरणात १९६१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यास जागे केले. अक्षरे तीच होती. ती वाचणारे वकील निराळे होते. पुढे १९८१ मध्ये अलाबामातील मोबील नगरात मायकेल डोनाल्ड या एकोणीस वर्षांच्या तरुणाची क्लॅनच्या माणसांनी हत्या केली. मारेकऱ्यांना शिक्षा झाली. परंतु त्याची माता ब्यूला मे डोनाल्ड तेवढ्यावर थांबली नाही. तिने संघटनेवरच दिवाणी दावा लावला. १९८७ मध्ये पंचांनी, ज्यांत सर्वच श्वेतवर्णीय होते, ७० लक्ष डॉलरची भरपाई ठरविली, आणि संघटनेस आपल्या मुख्य कार्यालयाची इमारत त्या मातेच्या नावे करून द्यावी लागली. तुरुंगवासाने मारेकरी गजाआड गेले; दिवाणी दाव्याने द्वेषाच्या संघटनेचे घर गेले. दक्षिण आफ्रिकेत डच वसाहतवाल्यांबरोबर आलेला रोमन कायदा आजही अपमानाबद्दल भरपाई देतो. तोच कायदा वर्णभेदाच्या राजवटीतही पुस्तकात होताच, हेही सांगितले पाहिजे. कायदा असणे पुरेसे नसते. तो मागणारा माणूस उभा राहावा लागतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ मध्ये हिंदुस्थानासाठी दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा तयार केला होता. तो कधीच संमत झाला नाही. दंडसंहिता झाली, करार कायदा झाला, अपकृत्यांची संहिता मात्र झाली नाही. म्हणून हा कायदा आजही मुख्यतः न्यायनिर्णयांतून घडतो. यात तोटा आहे तसा लाभही आहे. संहिता विधिमंडळ लिहिते. न्यायनिर्णय वादी आणि त्याचा वकील न्यायाधीशाकडून लिहवून घेतात. बिहारात रुदुल साह हा मनुष्य १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगात राहिला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्यास भरपाई देण्यास सांगितले. ओरिसातील नीलाबती बेहेरा या मातेचा पुत्र पोलीस कोठडीत गेला आणि मृतावस्थेत सापडला. तिच्या पत्रावरून न्यायालयाने १९९३ मध्ये दीड लाख रुपयांची भरपाई दिली. आपल्या परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत असताना विधीचा एक विद्यार्थी मृत्यू पावला. तो आपल्यासारखीच पुस्तके वाचीत होता. त्याच्या मातेने याच नगरातील खंडपीठाचे दार ठोठावले आणि जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. १९८१ पूर्वी हे खंडपीठ येथे नव्हते. मराठवाड्याच्या माणसास त्यासाठी मुंबई गाठावी लागत असे. दार जवळ आले आहे. ते ठोठावणारे हात हवेत.

आपण म्हणाल की, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे, १९९५ चे नियम आहेत, पीडितांस सरकार साहाय्य देते, मग दाव्याची यातायात कशाला? साहाय्य अवश्य घ्यावे. तो हक्क आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ते ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत ठरविलेले आहे. परंतु हे पैसे सरकारी तिजोरीतून येतात. ज्याने घर जाळले त्याच्या खिशास त्याची झळ लागत नाही. शिवाय त्याच नियमांपैकी बाराव्या नियमात असे म्हटले आहे की, हे साहाय्य इतर कायद्यान्वये भरपाई मागण्याच्या हक्काव्यतिरिक्त आहे. म्हणजे दार नियमानेच उघडे ठेवले आहे. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून या मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. जाळणाऱ्यांपैकी कोणास घराची किंमत स्वतःच्या खिशातून द्यावी लागली काय, हा प्रश्न आपण विद्यार्थी म्हणून विचारला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. फौजदारी खटल्यात आरोप संशयातीत सिद्ध करावा लागतो, आणि साक्षीदार फुटला की आरोपी सुटतो. दिवाणी दाव्यात पारडे कोणत्या बाजूस झुकते एवढेच पाहिले जाते, आणि आरोपी फौजदारीत सुटला म्हणून दिवाणी दावा आपोआप बुडत नाही. मात्र मुदत सांभाळावी लागते. खोटी अटक, द्वेषमूलक फिर्याद आणि बदनामी यांच्या दाव्यास एकच वर्ष मिळते. मृत्यूबद्दल १८५५ च्या कायद्याखालील दाव्यास दोन वर्षे मिळतात. फौजदारीचा निकाल लागू द्या, मग पाहू, असे म्हणत बसणारा आपला हक्क गमावतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य देऊ केले आहे. या चार गोष्टी आपल्या गावच्या माणसास सांगणारा कोणी नसेल, तर त्या कायद्याचा उपयोग काय?

या मार्गातील अडचणी मी लपविणार नाही. दिवाणी दावा माणसाचे आयुष्य खातो. मजुरी बुडवून तारखांस हजर राहणे गरिबास परवडत नाही. प्रतिवादी गावचा धनी असतो आणि वादी त्याच्याच शेतात राबत असतो. शिवाय काही थोर माणसे म्हणतात की, अब्रूची किंमत पैशात घेणे हीनपणाचे आहे. पहिल्या आक्षेपास उत्तर एकच आहे: एकट्या माणसाने दावा लढवू नये, त्याच्यामागे संघटित वकील असावेत. दुसऱ्या आक्षेपाविषयी मी एवढेच म्हणेन की, आमच्या अब्रूची किंमत शून्य असताना हा उपदेश कोणी केला नाही. पैसा हा अब्रूचा मोबदला नव्हे. तो अब्रू होती याची न्यायालयाने दिलेली पावती आहे.

विद्यार्थिमित्रांनो, १९५० मध्ये या नगरात मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा होता. नागसेन त्यास उत्तरे देणारा भिक्षू. या भूमीवर शिकणाऱ्याने प्रश्न विचारण्यास भिऊ नये. रोममध्ये गुलाम गुरांच्या ओळीत का होता? इंग्लंडात जोडे शिवणारा वादी कसा झाला? महाडास आम्ही प्रतिवादी का होतो? हे तीन प्रश्न घेऊन ग्रंथालयात जा. महाडास बाबासाहेब प्रतिवादी म्हणून उभे राहिले आणि जिंकले. वादी म्हणून उभे राहणे, हे आता तुमच्याकडे आलेले काम आहे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम.